सर्व्हर घरातला, नोंद परक्या हाती

स्वतःच्या संगणकावरचा स्वतःचा सिनेमा बघायला कुणाची परवानगी लागू नये आणि कुणाला त्याची खबरही जाऊ नये, म्हणून लोक घरी मीडिया सर्व्हर बसवतात. त्याच सॉफ्टवेअरमध्ये न मागितलेल्या सुविधा येऊ लागल्या, की काय होतं?

नोव्हेंबर २०२३मध्ये प्लेक्स हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेकांना एक साप्ताहिक ईमेल आला. तुमच्या मित्रांनी या आठवड्यात काय काय पाहिलं, याची ती यादी होती. ती वाचताना काहींच्या पोटात गोळा आला. मित्रांनी काय पाहिलं ते आपल्याला कळतंय, म्हणजे आपण काय पाहिलं तेही त्यांना कळत असणार! काहींच्या बाबतीत तर प्रौढांसाठीच्या चित्रपटांची नावंही मित्रांपर्यंत पोहोचली होती. त्यातही प्लेक्सच्या भाषेत ‘मित्र’ म्हणजे ज्याला ज्याला तुम्ही आपला संग्रह बघायला दिला, तो प्रत्येक जण. त्यात भाऊ येतो, ऑफिसातला सहकारी येतो, मेव्हणाही येतो.

अमेरिकेतल्या ४०४ मीडिया या वृत्तसंस्थेनं हे प्रकरण उजेडात आणलं. ‘डिस्कव्हर टुगेदर’ ही सुविधा आणताना आम्ही पसंती निवडण्याचा पडदा दाखवला होता, असं कंपनीचं म्हणणं. आम्ही हे कधी मागितलंच नव्हतं, असं तक्रारदारांचं म्हणणं. सिनेमा लावायच्या घाईत समोर आलेला पडदा न वाचता पुढे ढकलणं म्हणजे संमती असेल, तर संमती या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

फाइल घरात, खातं बाहेर

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातला एक संगणक किंवा हार्ड डिस्कचा डबा. त्यात आपले सिनेमे, डीव्हीडीवरून उतरवलेली नाटकं, मुलांच्या वाढदिवसाचे आणि लग्नामुंजीचे व्हिडिओ ठेवायचे. सर्व्हरचं सॉफ्टवेअर ते फोल्डर चाळतं, प्रत्येक सिनेमाचं पोस्टर आणि माहिती इंटरनेटवरून आणून लावतं आणि घरातल्या टीव्हीवर, फोनवर सगळं नीट मांडून देतं. प्लेक्सचा जन्म याच हौसेतून झाला. एक्सबीएमसी हे मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे आजचं कोडी, मॅकवर चालावं यासाठी २००७-०८च्या सुमारास सुरू झालेला तो प्रकल्प. पुढे त्याची कंपनी झाली.

यातली गोम लॉगिनमध्ये आहे. सर्व्हर तुमच्या कपाटात असला, तरी त्याचं खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. कोणता सर्व्हर कुणाचा, तो कोणकोणत्या उपकरणांवरून उघडला, कुणाकुणाला बघायला दिला, हे कंपनीला ठाऊक असावं लागतं. एरवी बाहेरगावाहून तुमचा फोन घरचा सर्व्हर शोधणार कसा? पाहिल्याची नोंद सगळ्या उपकरणांवर सारखी राहावी म्हणून ‘सिंक’ चालू केलं, की काय पाहिलं आणि किती पाहिलं हेही खात्याला चिकटतं. फाइल घरातून हलत नाही. तिच्याविषयीची माहिती मात्र हलते.

ही माहिती तिथे असणं हीदेखील एक जोखीमच. ऑगस्ट २०२२मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५मध्ये प्लेक्सच्या ग्राहकांचे ईमेल पत्ते, वापरनावं आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरांच्या हाती लागले. दोन्ही वेळा कंपनीला लोकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं.

सेकंदांवरून ओळखता येणारा सिनेमा

ऑगस्ट २०१७मध्ये प्लेक्सनं नवं गोपनीयता धोरण जाहीर केलं होतं. २० सप्टेंबरपासून माहिती गोळा करण्याला नकार देण्याची सोय काढून टाकायची, असं त्यात होतं. तुमच्या फाइलींची नावं आम्ही घेत नाही, असा खुलासाही सोबत होता. पण जाणकारांनी नेमकं बोट ठेवलं. फाइलची अचूक लांबी आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या डेटाचं प्रमाण, हे दोन आकडे कळले तरी पुरतं. एक तास बावन्न मिनिटं सतरा सेकंद चालणारे आणि नेमक्या त्याच बिटरेटचे व्हिडिओ जगात असे किती असणार? आकडे जितके अचूक, तितका सिनेमा ओळखणं सोपं.

गदारोळ झाला आणि कंपनी काही दिवसांतच नमली. स्वतःच्या संग्रहातल्या व्हिडिओंबाबत नकाराची सोय परत आली आणि आकडे ढोबळ करूनच घेऊ, असंही कबूल केलं. योगायोग असा, की त्याच महिन्यात, २४ ऑगस्ट २०१७ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. तो हक्क शासनासमोरचा आणि हे प्रकरण एका खासगी कंपनीचं. तरी आपल्या माहितीवर आपला ताबा असावा, हे मूळ दोन्हीकडे एकच.

नको ती सुविधा, हवा तो अपडेट

कंपनी असं का करते, याचं उत्तर पैशात आहे. एकदाच रक्कम भरून ‘लाइफटाइम पास’ घेणारा ग्राहक पुन्हा पैसे देत नाही. उत्पन्न वाढवायचं तर जाहिराती हव्यात. डिसेंबर २०१९पासून प्लेक्सवर जाहिरातींसह मोफत सिनेमे दिसू लागले. एप्रिल २०२५मध्ये या पासची किंमत सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलर झाली आणि घराबाहेरून आपलाच व्हिडिओ बघणंही सशुल्क झालं. पैसे मागण्यात काही गैर नाही. काम करणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पण जाहिरातीच्या धंद्यात ग्राहक काय बघतो ही माहितीच भांडवल असते आणि त्या दिशेनं जाणारी कंपनी ग्राहकाच्या नकाराकडे अडथळा म्हणून बघू लागते.

मग अपडेट करूच नये का? तसं करणं धोक्याचं आहे. २०२२मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत मोठी चोरी झाली. चोर शिरले ते तिथल्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. त्यावर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती. तिच्यातली त्रुटी प्लेक्सनं मे २०२०मध्येच दुरुस्त केली होती, पण त्या अभियंत्यानं अपडेट घेतलेला नव्हता. खरा पेच इथे आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि न मागितलेली सुविधा एकाच अपडेटमधून येतात. दुसरी नाकारायची म्हटलं, तर पहिलीवर पाणी सोडावं लागतं. म्हणून अशी प्रत्येक सुविधा बंद स्थितीतच यायला हवी आणि मालकानं चालू केली तरच चालू व्हायला हवी. हा आग्रह हौशी लोकांचा हट्ट नाही, रास्त मागणी आहे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेला हा धडा व्हिडिओ कॅसेटच्या काळातच मिळाला होता. १९८७मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका साप्ताहिकानं त्यांनी भाड्यानं नेलेल्या कॅसेटची यादी छापली. यादीत वावगं काही नव्हतं; तरी सगळे हादरले आणि पुढच्याच वर्षी व्हिडिओ पाहण्याच्या नोंदींना संरक्षण देणारा कायदा झाला. २०१७मध्ये व्हिझिओ कंपनीला २२ लाख डॉलर मोजावे लागले. तिनं १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोक काय बघतात याची सेकंदासेकंदाची नोंद घेतली होती. विकून झालेल्या जुन्या टीव्हींमध्येही दुरूनच तसं सॉफ्टवेअर घातलं होतं.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी आणि देण्याइतकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं त्याचं सहावं कलम सांगतं. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. तोवर आपली काळजी आपणच घ्यायची.

आपल्या हातात काय आहे?

पर्याय आहेत. एम्बी या अशाच मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरचा कोड बंदिस्त झाला, तेव्हा डिसेंबर २०१८मध्ये त्याच्या मुक्त कोडवरून काही जणांनी जेलीफिन उभं केलं. ते फुकट आहे, कोड खुला आहे आणि लॉगिन तुमच्याच सर्व्हरवर होतं. मध्ये कोणत्याही कंपनीचं खातं नाही. पोस्टर आणि माहिती मात्र तेही इंटरनेटवरूनच आणतं. शिवाय घराबाहेरून बघण्याची व्यवस्था स्वतः करावी लागते. तेव्हा राउटरचं पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन वापरा.

प्लेक्सच वापरायचं असेल, तर खात्याच्या सेटिंगमधलं गोपनीयतेचं पान उघडा. पाहिल्याचा इतिहास, वॉचलिस्ट आणि रेटिंग ‘फक्त मी’ अशा स्थितीवर आणा. सिंक आणि साप्ताहिक ईमेल बंद करा. मित्रांच्या यादीतून नको ती नावं काढा. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. अपडेट मात्र चुकवू नका आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर हे पान पुन्हा तपासा.

आणि एक विनंती. घरचा सर्व्हर बहुधा एक जण सांभाळतो आणि सगळं घर वापरतं. आई-वडील, जोडीदार, मुलं काय बघतात याची नोंदही त्यातच होते. ही सेटिंग त्यांना समजावून सांगा आणि त्यांची पसंती त्यांनाच ठरवू द्या. कंपनीनं आपल्याला विचारावं, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यानं घरातल्यांनाही विचारलं पाहिजे.