सडा रिकामा नाही

वाळवंटात फिरून खडकावरची आदिम चित्रं आणि चमत्कारिक निवडुंग शोधायचे म्हटलं, की पुण्याच्या माणसाला राजस्थान आठवतं, फार तर ॲरिझोना. धायरी फाट्यावरून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळच्या आत जिथे पोचते, त्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांचं, नाव या यादीत सहसा येत नाही. कोकण म्हणजे हिरवंगार, माडापोफळीचं, असं आपण ठरवूनच टाकलं आहे. हेच सडे मे महिन्यात पाहावेत. काळपट तांबडा जांभा नजर पोचेल तिथवर पसरलेला असतो, झाडाची सावली नसते आणि दुपारी दगडावर अनवाणी पाय टेकवत नाही. याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, गेंडे, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत, आणि जगात दुसरीकडे न सापडणाऱ्या काही वनस्पतीही याच कातळाच्या आधाराने जगतात. ही दोन वेगवेगळी नवलं आहेत असं समजून आपण एक पुरातत्त्ववाल्यांकडे आणि दुसरं वनस्पतिशास्त्रवाल्यांकडे सोपवून मोकळे होतो. पण दोन्हींचं कारण एकच आहे, मातीविना उघडा पडलेला दगड. तो उघडा राहिला तर दोन्ही राहतील, झाकला किंवा फोडला तर दोन्ही जातील. त्यामुळे एकेका चित्राभोवती कठडा बांधून सडा वाचवला असं मानणं ही स्वतःची समजूत घालणं झालं.

जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या जागेला वाळवंट कसं म्हणायचं, ही शंका रास्त आहे. हवामानशास्त्राच्या व्याख्येत सडा बसणार नाही. मात्र झाडाला आभाळातून पडलेल्या पाण्याचा हिशेब करून भागत नाही, मुळाशी किती टिकलं ते त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. जांभ्याच्या सपाट माथ्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. चार महिने पाणी नुसतं वाहतं, खोलगट जागी डबकी धरून राहतं, आणि दिवाळीनंतर काही आठवड्यांतच सगळं कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे वर्षातला एक भाग पाणथळ आणि उरलेला मोठा भाग वाळवंट. नुसत्या वाळवंटापेक्षा ही परीक्षा अवघड म्हणावी लागेल, कारण इथे टिकणाऱ्याला बुडणं आणि भाजणं दोन्ही सोसावं लागतं.

आधी चित्रांकडे पाहू. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी गावोगावच्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत सडे पालथे घातले आणि कातळशिल्पांचा विषय सर्वांसमोर आणला. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे, कुडोपी इथल्या शिल्पांकडे लक्ष वेधलं. गोव्यात कुशावती नदीकाठची उसगाळीमळची शिल्पं १९९३ पासूनच अभ्यासकांना ठाऊक होती. आज अशा आकृतींची संख्या हजाराच्या वर गेली आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती कोरलेल्या आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे. एवढ्या मोठ्या आकृतीची रेघ मात्र जेमतेम काही सेंटिमीटर खोल असते. शेजारून चालत गेलं तर दिसत नाही; सूर्य कलल्यावर किंवा पाऊस थांबून रेघेत पाणी साचल्यावर ती उठून दिसते. अजिंठ्याच्या लेण्यांसारखी ही भिंतीवरची कला नाही. ती जमिनीवर आडवी आहे, आणि एवढी मोठी सलग, सपाट, झाडाविना मोकळी जमीन फक्त सड्यानेच दिली.

ही चित्रं खरोखर इतकी जुनी कशावरून, हा प्रश्न विचारायलाच हवा. खडकात कोरलेल्या रेघेत कोळसा नाही, हाड नाही. त्यामुळे कार्बनच्या पद्धतीने तिचं वय थेट काढता येत नाही. आपण जे म्हणतो ते आडवळणाच्या पुराव्यावरून. चित्रांत शेती नाही, नांगर नाही, बैलगाडी नाही. उलट कोकणात आज नसलेला एकशिंगी गेंडा आहे. कोरणाऱ्याने तो दूरदेशी पाहिला असेल किंवा नुसता ऐकला असेल, असं कोणी म्हणेल. पण गुजरातेत लांघणज इथल्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड सापडलं आहे. म्हणजे पश्चिम भारतात माणूस आणि गेंडा एके काळी एकत्र नांदत होते. सगळी चित्रं एकाच काळातली आहेत असाही दावा कोणी करू नये. काही भौमितिक चौकटी बऱ्याच नंतरच्या असू शकतात. सर्वांत जुन्या आकृती शिकार करून, अन्न गोळा करून जगणाऱ्या माणसांच्या असाव्यात, हा तर्क मात्र उपलब्ध पुराव्याशी सर्वांत नीट जुळतो. आणि वय नक्की व्हायचं असेल तर चित्राच्या आसपासची जमीन, तिच्यातली दगडी हत्यारं, जवळच्या गुहा हे सगळं जागेवर शिल्लक राहायला हवं. नुसतं चित्र वाचवून ते कळणार नाही.

निवडुंगाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. आपल्या डोंगरांवर आणि शेताच्या कुंपणांना जो त्रिधारी निवडुंग किंवा शेर दिसतो, तो कॅक्टस नव्हेच. मोडला की पांढरा चीक येतो. तो एरंडाच्या कुळातला. कॅक्टसला असा दुधाळ चीक सहसा नसतो, आणि त्याचे काटे मऊ, लवदार ठिपक्यांतून झुपक्याने फुटतात. कॅक्टसचं मूळ घर अमेरिका. दोन खंडांतल्या दोन वेगळ्या कुळांनी कोरड्या जागी राहण्यासाठी पानं टाकून खोडात पाणी साठवण्याची एकच युक्ती शोधली, एवढंच त्यांचं नातं. आपल्याकडचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि खरा परका. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत किरमिजी रंग देणारा किडा समजून ब्राझीलहून भलताच किडा कलकत्त्याला आणला गेला. रंग मिळाला नाही, पण त्या किड्याने फड्याची एक जात खाऊन संपवत आणली. उरलेल्या जातीने रानं अडवली, तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरा किडा आणून तिला आवर घालावा लागला.

आपला अस्सल देशी नमुना पाहायचा तर पुणे जिल्ह्यातच आहे. शिंदळ माकुडी, जिला आता शिवसुमन असंही म्हणतात, ती शिवनेरी आणि पुरंदरजवळच्या वज्रगडासारख्या मोजक्याच कड्यांवर उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल याने १८६५ मध्ये तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. खोड मांसल, पाणी धरणारं. पावसात पानं, उन्हाळ्यात नुसत्या कांड्या. आणि फूल पिवळे ठिपके असलेलं तांबूस-किरमिजी, पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखं. तिचे बरेच भाऊबंद आफ्रिकेच्या कोरड्या भागांत आहेत. कोकणच्या सड्यांवर तिच्याच तोडीची दिपकाडी आहे: वर्षभर जांभ्याच्या खाचेत कांदा होऊन पडून राहायचं, पहिल्या पावसाबरोबर पांढरी फुलं काढायची आणि पुन्हा गडप व्हायचं. काही वनस्पती याहून पुढे गेल्या आहेत. त्या पानापानांतून पार वाळून कोळ होतात आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या. त्याआधी जेमतेम नऊ ठाऊक होत्या. दुष्काळात तगणारं पीक घडवायचं असेल तर ही विद्या शिकायला या गवतांकडे आणि नेच्यांकडेच जावं लागेल.

एवढं सगळं असलेली जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेली असते, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. पोटखराबा म्हटलं की तिथे काहीही केलं तरी सुधारणाच ठरते. सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची. चिरेखाण काढून जांभा विकायचा. नाहीतर पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम करायचा. शेवटचा प्रकार मला सर्वांत खटकतो, कारण तो पर्यावरणाच्या नावाने होतो. जिथे झाड नसणं हीच जागेची प्रकृती, तिथे मातीचे ढीग आणून झाड लावणं म्हणजे दिपकाडीला पुरणं, आणि खाली एखादी आकृती असेल तर तिलाही.

यावर जमीनमालकाचं म्हणणं असतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. सडे बहुतेक खाजगी मालकीचे आहेत. ज्याच्याकडे दुसरी जमीन नाही, त्याने शहरातल्या लोकांच्या कौतुकासाठी कातळ राखून उपाशी का राहावं? उत्तर असं की सगळा सडा गोठवा असं कोणी म्हणत नाही. गुरं चारणं, गवत कापणं, खोलगट भागात भात किंवा नाचणी करणं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि चित्रंही टिकली, फुलंही टिकली. बंदी हवी ती सुरुंगाला, जेसीबीला आणि मातीच्या भरावाला, तीही आकृती आणि पाणथळ खोलगट भाग असलेल्या पट्ट्यापुरती. आणि त्याची भरपाई किंवा पर्यटनाचा वाटा मालकाच्या हाती पडायला हवा. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीत ग्रामस्थांच्या पुढाकाराने हत्तीचं शिल्प राखलं गेलं आणि ते पाहायला गोल कठडा झाला. गावाचं मन वळवता येतं हे त्यातून दिसलं. बारसूच्या सड्यावर मात्र २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं, तेव्हाच अनेकांना तिथे शिल्पं आहेत हे कळलं. प्रकल्प हवा की नको यावर मतं वेगळी असू शकतात. पण जमिनीवर काय आहे याची नोंद वाद सुरू होण्याआधी असायला हवी, यावर कोणाचं दुमत असू नये.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकण-गोव्यातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. नऊ जागांना मान मिळाला, याचा आनंदच आहे. उरलेल्या शेकडो आकृतींसाठी आणि त्यांच्या भोवतीच्या वनस्पतींसाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत सड्याचं एक पान असावं, ज्यात चित्र आणि फूल शेजारी शेजारी लिहिलेलं असेल. पुण्याहून जाणाऱ्यांनी रेघांत खडू किंवा रंग भरून फोटो काढू नयेत, आकृतीवरून चालू नये आणि कुंडीसाठी कांदे उपटून आणू नयेत. आणि ज्या संस्था येत्या जूनमध्ये एखाद्या उघड्या कातळावर रोपं लावायला निघतील, त्यांनी पहिला खड्डा खणण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला ती जागा दाखवावी.