रस्ता लांब, वेळ थोडा
दिग्गीसारख्या जंगलातल्या गावात बाळंतीण आणि बाळ सुखरूप राहावे म्हणून विज्ञान काय देऊ शकते?

मूल जन्मते, वार पडते, घरातल्या सगळ्यांची नजर बाळाकडे वळते. नेमक्या त्याच वेळी बाळंतिणीच्या शरीरात एक मोठे काम सुरू झालेले असते. नऊ महिने वारेला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांची तोंडे आता उघडी पडलेली असतात. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. ते थांबवायला शरीराकडे मुख्य साधन आहे, गर्भाशयाचा स्नायू. त्याचे तंतू रक्तवाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. गर्भाशय आवळले की हे तंतू वाहिन्यांना चहूकडून दाबून बंद करतात. बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवला, तर बेंबीच्या आसपास नारळासारखा टणक गोळा हाताला लागतो. तो लागला की जीव भांड्यात पडतो. गोळा सैल पडला तर रक्त वाहतच राहते, आणि उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत दगावू शकते.

आता हे दोन तास दिग्गीत मोजून पाहा. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीकडचे, काळी नदीच्या उगमाजवळचे हे गाव. भोवती सह्याद्रीचे दाट रान, काळी व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख, लांब लांब विखुरलेल्या वाड्या, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुणबी घरे. तालुक्याचे गाव जोयडा. शस्त्रक्रियेची सोय आणि रक्तपेढी असलेले मोठे रुग्णालय हवे तर बेळगाव, कारवार नाहीतर गोवा. यातली कुठलीही वाट जंगलातून आणि घाटातूनच जाते. पावसाळ्यात ओढा भरला, झाड आडवे पडले किंवा फोनची रेंज गेली, तर १०८ ची गाडी बोलावणेही अवघड होते.

रस्ते आणि पूल झालेच पाहिजेत, त्याला पर्याय नाही. पण ते होईपर्यंत बाळंतपणे थांबत नाहीत. म्हणून अशा गावासाठी विज्ञानाने मुख्यतः एकच गोष्ट करायची आहे. जे उपचार रुग्णालयात गेल्यावर मिळायचे, त्यांतले शक्य तेवढे आधी करायचे आणि घराच्या जवळ आणायचे. हे होऊ शकते याचा एक भक्कम पुरावा दिग्गीच्या शेजारच्या जिल्ह्यातच तयार झाला आहे.

बेळगावचा प्रयोग

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. आजही दवाखान्यात पहिली पसंती त्यालाच आहे. पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेले माणूस लागते. वीज जाणाऱ्या उपकेंद्रात किंवा घरी झालेल्या बाळंतपणात दोन्हींची वानवा. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी शीतकपाटाशिवाय टिकते आणि पाण्याबरोबर गिळता येते. ती खेड्यात, डॉक्टर नसताना, खरोखर उपयोगी पडेल का?

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातील डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत हे तपासले. १,६२० बायकांनी त्यात भाग घेतला. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात, एएनएम सिस्टरांच्या हातची. निम्म्या बायकांना बाळ जन्मल्यावर लगेच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल दिले, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती गोळी मिळाली हे सिस्टरलाही ठाऊक नव्हते. निकाल २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. अर्धा लिटर किंवा जास्त रक्त जाण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. एक लिटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे जिवावर बेतणारा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. दर अठरा जणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. काहींना थंडी वाजून आली, थोडा ताप आला, पण ते तात्पुरते होते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

गोळीइतकीच मोलाची आणखी एक वस्तू या कामातून पुढे आली. रक्त किती गेले हे पूर्वी नजरेने ठरवत. गोधडी भिजली, फडकी भिजली, जमिनीत मुरले. अंदाज हमखास कमी यायचा. बेळगावच्या गटाने प्लॅस्टिकचे एक साधे कापड वापरले. ते बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायचे. त्याचे खालचे टोक निमुळते होत पिशवीसारखे लोंबते आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त त्यात साठते आणि सिस्टर खूण वाचते. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे अर्धा लिटर रक्त गेलेल्या बाईला आपण ‘ठीक आहे’ म्हणत होतो. याच तऱ्हेची मापाची पिशवी आणि उपचारांचा ठरलेला क्रम घेऊन पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचा निकाल आला, तेव्हा रक्तस्रावाचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटलेले दिसले.

मिसोप्रोस्टॉलची एक अट कधीही मोडायची नाही. ही गोळी बाळ बाहेर आल्यावरच, पोटात जुळ्यातले दुसरे बाळ नाही याची खात्री करूनच द्यायची. आधी दिली तर कळा बेसुमार वाढून गर्भाशय फाटू शकते. म्हणून ती शिकलेल्या हातातच असावी, आणि घरी बाळंत होण्याचे निमित्त तर तिने मुळीच होऊ नये. दवाखान्यात पोचणे हाच पहिला बेत. ते जमले नाही तर जीव राखण्यासाठी ही गोळी.

रक्ताची तयारी आधीपासून

तितकेच रक्त गेले तरी सगळ्यांना सारखे सोसत नाही. ज्या बाईचे हिमोग्लोबिन मुळातच ७ च्या आसपास आहे तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायका अशा कमी रक्तानिशी बाळंतपणाला सामोऱ्या जातात.

यावर उपाय ठाऊक आहे आणि तो फुकट मिळतो. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. अडचण असते ती गोळी पोटात जाण्याची. मळमळते, शौचाला काळे होते, मग गोळ्या फळीवर पडून राहतात. काळे होणे निरुपद्रवी आहे. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी तिच्या जवळपासच्या वेळी नको, लोह शोषले जात नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर उत्तम. दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी घेतली की आतड्यातून होणारी रक्ताची गळती थांबते. रानात राहणाऱ्या गरोदर बाईला ताप आला, तर अंगावर न काढता त्याच दिवशी रक्त तपासावे. हिवतापही रक्त खातो.

खाण्याच्या बाबतीत जोयड्याचा मुलूख गरीब नाही. इथल्या कुणब्यांनी कंदांच्या कितीतरी जाती जपल्या आहेत आणि जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो. कंद अंगाला ताकद देतात, पण प्रथिने आणि लोह त्यांत कमी. त्यांच्या जोडीला नाचणी हवी, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी. कुळीथ, चवळी, पालेभाज्या, अंडी, मासे हवेत. ‘पोर मोठे होईल, बाळंतपण अडेल’ म्हणून सातव्या महिन्यानंतर गरोदर बाईचे ताट हलके करणारी घरे अजून आहेत. त्याने बाळंतपण सोपे होत नाही. मूल अशक्त जन्मते आणि आईही थकते.

दुसरा शत्रू रक्तदाब. तो वाढताना दुखत नाही, म्हणून प्रत्येक तपासणीत मोजायलाच हवा. १४० वर ९० किंवा अधिक, जोडीला लघवीत प्रथिने, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, छातीखाली कळ, यांतले काही दिसले तर झटके येण्याची वाट पाहू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. कर्नाटकात तिची नोंद तायी कार्डावर होते. कार्डावरचा मजकूर कन्नड आणि घरातली बोली कोकणी, त्यामुळे आशाताईने तो घरच्यांसमोर वाचून समजावून सांगणे हेही उपचाराइतकेच महत्त्वाचे काम आहे.

बाळाचा पहिला तास, पहिला आठवडा

बाळ नऊ महिने ३७ अंशांच्या उबेत असते आणि ओल्या अंगाने एकदम बाहेरच्या हवेत येते. ओलावा उडू लागला की अंग झपाट्याने गार पडते. त्याला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. खांद्यांमागची आणि मानेजवळची तपकिरी चरबी जाळून ते जेमतेम निभावते, आणि कमी दिवसांच्या बाळाकडे तीही नसते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही, साखर घटते, श्वास मंदावतो. म्हणून जन्मताच कोरडे पुसून उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवायचे, डोक्याला टोपरे, वरून पांघरूण. पहिली आंघोळ निदान चोवीस तासांनी. नाळ एक ते तीन मिनिटे थांबून बांधली, की वारेतले रक्त बाळाला मिळते आणि पुढचे काही महिने पुरणारा लोहाचा साठा वाढतो. नाळेवर तेल, हळद, राख काही नको. पहिल्या तासात अंगावर पाजायचे. पहिले पिवळसर दाट दूध फेकून देऊ नये, ते रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले असते. बाळ दूध ओढते तेव्हा आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते आणि गर्भाशय आवळते. बाळाचे पिणे आईचाही रक्तस्राव आवरते.

बाळ गार आहे का हे आजीलाही तपासता येते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडते आहे, छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्याकडे निघा. कमी वजनाच्या बाळाला असे उराशी धरून वाढवण्याची पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झाली, ती काचपेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मताच छातीशी धरले, तेव्हा त्यांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. बाळंतिणीच्या खोलीतली शेक-शेगडी आणि धुरी मात्र नको. धूर कोवळ्या फुफ्फुसांना सोसत नाही.

नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. पाचवी-सहावीला सटवाईपुढे दिवा लावणाऱ्या घरांनी हा धोका पिढ्यान्‌पिढ्या ओळखला होता. त्यावर घरातच उपचार करता येतो हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवले. ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळाचे वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून घरभेटींची ही पद्धत देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी जायचे. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही.

दूध ओढणे सोडलेले, मलूल पडलेले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेणारे, श्वासाबरोबर छाती आत ओढणारे, अंग तापलेले किंवा गार झालेले, झटका आलेले, बेंबीला पू झालेले, तळहात-तळपायांपर्यंत किंवा पहिल्याच दिवशी पिवळे पडलेले बाळ दिसले, तर देवऋषी, काढा, ‘उद्या बघू’ यांत वेळ घालवू नये.

पावसाआधीचा हिशेब

महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ नावाची योजना आहे. बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस गरोदर बाईने आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहायचे, सोबतीला घरचे माणूस, जेवणाची सोय. कळा सुरू झाल्यावर जंगल ओलांडायची वेळच येत नाही. जिथे दवाखाना लांब आहे तिथे अशी घरे असावीत, ही जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. जोयडा तालुक्याला ती तंतोतंत लागू पडते. पण बाई येईल केव्हा? मागे राहिलेल्या पोरांना कोण सांभाळणार, गुरे कोण बघणार, सोबत येणाऱ्या माणसाचा रोज बुडतो त्याचे काय, याची उत्तरे मिळाली तरच. नुसती खोली बांधून भागणार नाही.

आणि यासाठी वेळ भरपूर असतो. नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत झाली, तर जुलैत बाळंत होणाऱ्या बाईचे नाव जानेवारीतच आशाताईच्या वहीत आलेले असते. जून ते सप्टेंबरमध्ये ज्यांचे दिवस भरणार त्यांची यादी मार्चअखेर करता येते. कुणाचे रक्त कमी, कुणाचा दाब चढा, कुणाचे आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेले, हे सारे त्या यादीतच लिहिता येते. कुणाला कोणत्या आठवड्यात दवाखान्याजवळ आणायचे, गाडी कुणाची, रक्तगट जुळणारा माणूस कोण, घर कोण सांभाळणार, हे मेअखेर ठरलेले असू शकते. दिग्गीत पाऊस कधी कोसळणार आणि वाट कधी बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक असते. बाळ कधी येणार हेही सहा महिने आधी ठाऊक असते. या दोन तारखा शेजारी शेजारी मांडून कामाला लागणे, एवढे गावाच्या, पंचायतीच्या आणि आरोग्य खात्याच्या हातात आजच आहे.