मातीची न दिसणारी कमान

चक्कीवर ज्वारी दळताना वरच्या पेटीतले दाणे कधीकधी अडकतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. खाली मोकळे, वर पेटी भरलेली, आणि दाणा काही उतरत नाही. चक्कीवाला दोन थापा मारतो, मग दळण चालू होते. दाण्यांनी एकमेकांना रेटून कमान धरलेली असते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातल्या कमानींसारखीच; फक्त हिला चुना नाही नि गवंडीही नाही. मोठ्या कोठीतले धान्य खालून काढीत असाल, तर वर कोणाला पाय ठेवू देऊ नका बरं का! आत पोकळी झालेली असते. कमान मोडली की माणूस दाण्यांत गडप होतो.

यान्सेन या जर्मन इंजिनिअराने १८९५ साली दाखवून दिले, की उंच कोठीत धान्य कितीही भरा, तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही. बाकीचे वजन घर्षणामुळे भिंतींवर जाते. गुरुजींनी हे वर्गात करून पाहावे. जाड कागदाच्या अरुंद नळीच्या एका तोंडाला पातळ कागद घट्ट बांधा, आत वीतभर कोरडी वाळू भरा आणि वरून काठीने दाबा. पातळ कागद फाटत नाही!

मातीतही हेच घडते. तेर्झागी यांनी १९३६ साली वाळूखालची झडप किंचित खाली सरकवली; झडपेवरचा भार झपाट्याने उतरला आणि शेजारच्या पक्क्या तळावर गेला.

आता याचा उपयोग पाहा. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम-खडक बहुधा लवकर लागतो. पण उरण-न्हावाशेव्याकडच्या खाजणांत मऊ चिखलाचा थर खोलवर असतो. अशा जमिनीवर रस्त्याचा भराव नुसताच टाकला, तर तो वर्षानुवर्षे खचत राहतो. त्यावर एक उपाय असा, की चिखलातून खालच्या घट्ट थरापर्यंत खांब उतरवायचे, त्यांच्या माथ्यांवर चिवट जाळी अंथरायची आणि वर भराव घालायचा. खांबांमधला भराव थोडा खाली बसू लागतो, खांबांवरचा मात्र जागीच राहतो. या ओढाताणीत घर्षण जागे होते, कमान बसते आणि बराचसा भार खांबांवर जातो. उरलेला जाळी झोळीसारखी पेलते. म्हणजे माती जराशी खचल्यावाचून कमान बसतच नाही!

मात्र भराव पुरेसा उंच हवा. साधारणपणे खांबांमधल्या मोकळ्या अंतराच्या दीडपट. अंतर २ मीटर असेल तर भराव सुमारे ३ मीटर. इथे काटकसर केली, की खांबांवर उंचवटे आणि मध्ये खळगे रस्त्यावरच उमटतात; बैलगाडीलाही ते कळतात.

दुसरी गोष्ट भरावाच्या मालाची. मुरूम, खडी, वाळू यांचे कण एकमेकांत अडकतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, निसरडी होते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारीला ती सोन्यासारखी असली, तरी असल्या भरावात कंत्राटदार ती टाकू लागला, तर गावाने त्याला तिथेच थांबवावे.