आचार्य, आचारी आणि उबुंटूचा बीटा

सकाळी ७.१५. शुक्रवार, १२ एप्रिल २०२४. पाडव्याचं श्रीखंड अजून फ्रिजमध्ये आहे आणि उबुंटू २४.०४ चा बीटा आत्ता हाती आलाय. खरं तर तो गेल्याच आठवड्यात यायचा होता. पण २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक्सझेड या फायली दाबणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीला आणला. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा खटकण्यावरून. मग उबुंटूवाल्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून बांधलेली पॅकेजं काढून टाकून पुन्हा बांधली. अर्ध्या सेकंदासाठी इतकं खोल खणणारा माणूस माझ्या ओळखीत एकही नाही, माझ्यासकट.

८.३०. आयएसओ उतरली. एरवी चेकसम जुळवायचा कंटाळा करतो, आज जुळवला.

९.००. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन. चार जीबी रॅम, दोन कोअर, चाळीस जीबीची डिस्क. ही डिस्क जेवढी भरेल तेवढीच जागा खाते. मागे एकदा काटकसर म्हणून दोन जीबी दिली होती आणि सगळं रांगतंय म्हणून अर्धा दिवस बीटाला शिव्या घातल्या होत्या.

आई चहा ठेवून गेली. “कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर बघायचा, तर मग बाहेरचा घेतलास कशाला?”

१०.१०. इन्स्टॉल झालं. बाकी काही करायच्या आधी स्नॅपशॉट घेतला, नाव ‘कोरा’. पुढे काहीही बिघडलं तरी इथे परत येता येतं.

१०.३०. पहिली परीक्षा माझी ठरलेली: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. गुरुजी वेगळे, स्वयंपाकी वेगळे. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून ऱ, मग हलन्त, मग य. दोन्ही शब्द नीट उमटले. छान.

११.००. आता स्वतःचा प्रोग्राम. मुद्रितशोधनाचा आहे, दोन छापखाने आणि एक मासिक वापरतात. चिन्हावर क्लिक केलं. काहीच नाही. टर्मिनलमधून चालवला, तर सँडबॉक्सच्या नावाने ओरडून मेला. जुन्या उबुंटू २२.०४ वर हाच प्रोग्राम मुकाट चालतो.

जेवणापर्यंत कारण सापडलं. खिडकी रंगवायला मी इलेक्ट्रॉन वापरतो, म्हणजे पोटात अख्खं क्रोमियम. ते आतल्या पानांना कुंपण घालायला कर्नलची नेमस्पेस सोय वापरतं. पण याच सोयीच्या आडून कर्नलवर हल्ले होत आलेत, म्हणून नव्या उबुंटूत ॲपआर्मर हा पहारेकरी ती अडवतो; परवानगी प्रोफाइल असलेल्या प्रोग्रामलाच. माझ्याकडे प्रोफाइल नव्हतं. बीटाकडे बोट दाखवायची सोय नाही.

एका ओळीचा सिस्कंट्रोल आदेश देऊन सगळी अडवणूकच बंद केली, आणि खिडकी लगेच उघडली. व्हर्च्युअल मशीनमध्ये असा अविचार चालतो. हीच ओळ ग्राहकांना फोनवर सांगितली असती, तर काम दोन मिनिटांत संपलं असतं. पण माझ्या एका दारासाठी त्यांच्या सगळ्या घराचं कुलूप काढायचं? सकाळीच एक्सझेडबद्दल वाचल्यावर तेवढं धाडस होईना.

२.००. ‘कोरा’वर परत. प्रोफाइल चार ओळींचं, पण त्याला ठरलेला पत्ता लागतो, आणि माझी ॲपइमेज, म्हणजे एकाच फायलीत गुंडाळलेला प्रोग्राम, दरवेळी /टीएमपी मध्ये नव्या नावाने बिऱ्हाड थाटते. शेवटी ॲपइमेज सोडली, /ऑप्ट मध्ये कायम घर देणारं डेब पॅकेज बांधायला घेतलं. चुकलं. ‘कोरा’. पुन्हा चुकलं. ‘कोरा’.

५.४०. छापखान्यातल्या काकांचा फोन. “अरे, नवं उबुंटू आलंय म्हणे. टाकू का?”

“नको काका, बीटा आहे. पक्कं २५ तारखेला येतंय, तेव्हाही घाई करू नका.”

“मग तू का टाकलंस?”

“मी डब्यात टाकलंय, काका.”

“कसल्या डब्यात?”

नंतर समजावतो म्हटलं.

८.५०. पाचव्या खेपेला डेब बसलं, ॲपआर्मर जागा असतानाच खिडकी उघडली. खूश होऊन ‘आचाऱ्यांना’ टाइप केलं. खाली लाल रेघ. ‘आचार्यांना’. लाल रेघ. ‘आई’. तिच्याखालीही लाल रेघ. शब्दसंग्रहाची फाईल मी डेबमध्ये घातलीच नव्हती.

‘कोरा’.