निवृत्त सरदाराने आखलेली वाट

नीरेच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान होतं, आणि ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा पुणे जिल्हा मागे टाकून सातारा जिल्ह्यात शिरतो. जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंदचा. एरवी कांद्याच्या बाजारासाठी आणि पुणे-मिरज लोहमार्गावरच्या स्थानकासाठी ओळखलं जाणारं हे गाव तेव्हा लाखोंना पोटाशी घेतं. राहुट्यांच्या रांगा, पाण्याचे टँकर, सामानाचे ट्रक, दोरीवर वाळणारी धोतरं-लुगडी. या गर्दीत जरा निवांत फिरलं की एक गोष्ट ठळक दिसते. साठी ओलांडलेली माणसं इथे किती आहेत! निवृत्त गुरुजी आहेत, एसटीतून बाहेर पडलेले चालक-वाहक आहेत, मुंबईत माथाडी म्हणून ओझी वाहून गावी परतलेले आहेत, सुनेच्या हाती चूल सोपवून आलेल्या आज्या आहेत.

कोणत्याही निवृत्त माणसाला विचारा, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त काय छळतं? पैशाची चिंता असतेच. पण त्याहून जास्त छळतो तो आकार नसलेला दिवस. चाळीस वर्षं घड्याळ, हजेरी, पाळी, साहेब, सहकारी यांनी दिवसाला घाट दिलेला असतो, आणि एका संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊन ते सगळं काढून घेतलं जातं. मग कुणीतरी सांगतं, आता ध्यान करा, देवाचं करा. बसून डोळे मिटले की मन मात्र जुन्या कचेरीत जाऊन फायली चाळत राहतं.

या प्रश्नाचं एक उत्तर सातारा जिल्ह्याच्याच एका निवृत्त माणसाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी शोधलं, आणि ते आजही दर आषाढात लोणंदवरून चालत जातं. मला याचं राहून राहून आश्चर्य वाटतं.

त्यांचं नाव हैबतराव पवार, साताऱ्याजवळच्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. परंपरा सांगते की चाकरी आटोपून गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडून ठेवलं. एकवीस दिवस त्यांनी हरिपाठ केला आणि सुटका झाली. मग ते घरी न जाता आळंदीला गेले आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशीच राहिले. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पादुका पालखीत घेऊन वारीला जाण्याची प्रथा सुरू केली होती, आणि ज्ञानोबांच्या पादुकाही त्याच सोहळ्यातून जात. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्र केला. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. अंकलीहून घोडे येण्याचा तो रिवाज आजही चालू आहे.

फौजेत आयुष्य गेलेल्या या माणसाने भक्तीला काय दिलं? शिस्त दिली. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे आणि रथाच्या पुढे की मागे, कितवी, हे ठरलेलं आहे. निघण्याआधी तीनदा कर्णा होतो. पहिल्याला आवरायला लागायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. दिंडीत पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि डोईवर तुळशी घेतलेल्या बायका. विणेकऱ्याने वीणा खाली ठेवायची नाही. दमला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. पहाटेच्या भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी, वारांचे अभंग, हरिपाठ, असा गाण्याचाही क्रम लागलेला. कालपर्यंत वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला इथे पुन्हा जागा मिळते, काम मिळतं, त्याची वाट पाहणारी माणसं मिळतात. फरक एवढाच की या कामात बढती नाही आणि निवृत्तीही नाही.

या शिस्तीचं सर्वांत थक्क करणारं रूप मुक्कामाच्या तळावर, समाज आरतीच्या वेळी दिसतं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात आणि शेकडो टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतो, आणि त्या क्षणी सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकतो, मग तेही टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याची माहिती, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ हे सगळं त्या शांततेत सांगितलं जातं. ध्यानाच्या वर्गात माणसाला पाच मिनिटं गप्प बसवताना शिक्षकाची दमछाक होते, आणि इथे दिवसभर चाललेला, थकलेला अफाट जनसमुदाय एका काठीच्या खुणेवर नि:शब्द होतो. हे घडतं, कारण दिवसभर सगळ्यांचा आवाज एका लयीत वाहिलेला असतो.

ती लय शरीरात नेमकं काय करते, याचा एक सुंदर धागा इटलीत सापडला. लुचानो बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कधी लॅटिनमधली मेरीमातेची प्रार्थना म्हणायला लावली, तर कधी ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण दोन्ही वेळा श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर येऊन स्थिरावला. एरवी तो चौदाच्या आसपास होता.

सहाच का? आपल्या मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत रक्तदाब मोजणारी सूक्ष्म संवेदनाग्रं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला सावकाश करतो. दाब उतरला की उलटं. निरोप जाणं, हुकूम येणं, दाब पुन्हा बदलणं या सगळ्या फेरीला साधारण दहा सेकंद लागतात. एक श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी जुळतात. झोका नेमक्या वेळी ढकलला की थोड्याशा जोरातही उंच जातो, तसं इथे होतं. हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार ठळक होतो आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. वयाबरोबर मंदावते ती नेमकी हीच यंत्रणा.

आता दिंडीतला अभंग आठवा. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी उचलायचा. म्हणताना लांब उच्छ्वास, ऐकताना श्वास भरून घ्यायला उसंत. मेरीमातेची प्रार्थनाही अशीच अर्धी पुरोहिताने, अर्धी जमलेल्यांनी म्हणण्याची चाल आहे. दूरदूरच्या माणसांनी आपापल्या देवाला हाक मारता मारता एकाच श्वासाची घडण शोधावी, याहून मोठं नवल ते कोणतं!

चालण्याचं नवल वेगळंच. अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ५५ ते ८० वयाच्या १२० जणांना वर्षभर अभ्यासलं. निम्म्यांनी आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत, भरभर चालायचं. निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम करायचे. २०११ मध्ये निष्कर्ष आले. उतारवयात मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, आक्रसत जातो. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटात तो थोडा घटला. साठीनंतरही मेंदूचा एक भाग वाढू शकतो, आणि तोही नुसत्या चालण्याने! अर्थात वारी जेमतेम तीन आठवड्यांची. म्हणून खरा वारकरी आषाढापुरता वारकरी नसतो. त्याचा रोजचा हरिपाठ असतो, पंधरवड्याची एकादशी असते, कार्तिकीला आळंदी असते.

इथे आकाशही या वेळापत्रकात उतरतं. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरीत पोचते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार. पृथ्वीजवळ असताना तो वेगाने धावतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे कोणती तिथी वीसेक तासांत आटोपते, तर कोणती सव्वीस तासांपर्यंत लांबते. कधी एखादी तिथी गळते, कधी एखादी दोन सूर्योदय पाहते, आणि चालीचे दिवस कमी-जास्त होतात. त्याचा हिशेब ज्या गावांत जुळवला जातो, त्यांत लोणंद आहे. म्हणून इथला मुक्काम कोणत्या वर्षी एक दिवसाचा, तर कोणत्या वर्षी त्याहून मोठा असतो. सणही असाच सरकतो: आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला आली, अधिक श्रावणामुळे २०२४ मध्ये १७ जुलैला गेली, २०२५ मध्ये ६ जुलैला परतली. पहिल्या तारखेला पगार आणि रविवारी सुटी अशा चौकटीत आयुष्य काढलेला माणूस वारीत चंद्राच्या चालीने चालू लागतो. निवृत्तीने काढून घेतलेलं घड्याळ त्याला परत मिळतं, फक्त पुष्कळ मोठं होऊन.

लोणंदहून निघालेली पालखी तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी थांबते. तिथे पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्यांच्या मधून माउलींचा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर कुणी स्वार नसतो. पाहणाऱ्या म्हाताऱ्या डोळ्यांत जे पाणी येतं, ते कोणत्याही प्रयोगशाळेच्या पट्टीने मोजावं असं मला वाटत नाही. श्वासाची लय कळली म्हणून भक्ती कमी होत नाही. उलट आपलं शरीरच नामासाठी किती तयार आहे, हे पाहून हात जोडले जातात.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी काय करावं? त्याचं उत्तरही याच जिल्ह्यात आहे. माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५ ते १९१३) प्रपंचातल्या माणसांना आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: आहात तिथे बसून राम नाम घ्या. त्याला ना वय आडवं येतं, ना पैसा, ना ताकद.

तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या वाचकाला माझं मनापासून सांगणं आहे. एकट्याने डोळे मिटून मनाशी झुंजत बसण्याआधी हैबतबाबांच्या तीन गोष्टी घ्या: ठरलेली वेळ, मोठ्याने म्हटलेलं नाम आणि बरोबरीला चार माणसं. गावातल्या देवळात हरिपाठ होतच असेल; तिथे रोज पायी जा, टाळ हातात घ्या. मुहूर्त शोधायची गरज नाही. पुढची एकादशी कधीच पंधरवड्याहून लांब नसते.