जुनी डंपिंग ट्रॉली रंगवताय? थांबा, आधी तिची ओळख पटवा!

शहापूर-मुरबाडच्या पावसात लोखंड फार टिकत नाही. त्यात ट्रॉलीत कधी शेणखत, कधी ओली रेती. पत्रा तळापासूनच सडतो. तरी एखाद्या पडवीत आजोबांच्या काळातली डंपिंग ट्रॉली धडधाकट उभी असते. भंगारवाला तिचं फक्त वजन बघतो. आणि घरचे हौसेने काय करतात? ग्राइंडर मारून नवा रंग देतात! तिथेच तिची ओळख पुसली जाते. म्हणून आधी हे करा.

१. हौदा कसा कलतो ते बघा
काही ट्रॉल्यांमध्ये पुढची खिटी काढली की माल मागच्या वजनाने आपोआप ओततो. काहींमध्ये ट्रॅक्टरचं तेल पाइपातून जॅकमध्ये जातं आणि हौदा उचलतो. तेल परत सोडलं की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. खाली वाकून बघायचं असेल तर भक्कम टेकू लावाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका.

२. नंबर शोधा
दांडी आणि चेसिसचा पुढचा भाग रॉकेलच्या फडक्याने पुसा. ठोकलेले आकडे दिसले तर वर कागद ठेवून पेन्सिल घासा. आरटीओत चेसिस नंबरचा ठसा घेतात, अगदी तसंच. आकडे पुन्हा ठोकायचे नाहीत, कोरायचेही नाहीत.

३. नंबरप्लेट वाचा
ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. 'एमएच-०४' (ठाणे), 'एमएच-०५' (कल्याण) ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी नुसती तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. पण लक्षात घ्या, यावरून नोंदणीचा काळ कळतो, ट्रॉली कधी बनली ते नाही.

४. बारीक खुणा
रिव्हेट की वेल्डिंग? मिलिमीटरचा पाना नीट बसत नसेल तर बोल्ट इंची मापाचा असू शकतो. टायरवर चार आकडी तारीख असेल, उदा. '३२०५', तर तो २००५ च्या ३२व्या आठवड्यातला. पण हे वय टायरचं, ट्रॉलीचं नव्हे! कोणतीही एक खूण पुरावा ठरत नाही. चार खुणा जुळल्या तरच अंदाज बांधा.

५. नोंद करा
चारही बाजूंचे फोटो, हौदा खाली आणि वर असताना, शेजारी टेप धरून. लांबी, रुंदी, फाळक्याची उंची वहीत लिहा. खरचटलेल्या जागी रंगाचे जुने थर दिसतात, त्यांचाही जवळून फोटो घ्या. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: कोणत्या ट्रॅक्टरला जोडायचे, कुठल्या वर्कशॉपमध्ये बनवली? बऱ्याच ट्रॉल्या स्थानिक वर्कशॉपमध्येच बनत, त्यामुळे कंपनीची पाटी नसली तरी नवल नाही. हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा.

मग व्हिंटेज नोंदणी मिळेल का?
नाही. २०२१ चे केंद्राचे व्हिंटेज नियम ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. ट्रॉली त्यात बसत नाही. म्हणून तुमची ही वही आणि फोटो हाच तिचा दाखला. रंग काय, पुढच्या दिवाळीतही देता येईल. आजोबांना मात्र आजच विचारा.