दारात कार, पण कामाला सायकल : तेल्हाऱ्यासारख्या गावात हा हिशोब बसतो का?

२२ सप्टेंबर २०२५. या एका दिवशी दोन गोष्टी स्वस्त झाल्या. छोट्या कारवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि सायकलवरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. चर्चा मात्र फक्त कारची झाली. सायकलचं कोणी स्टेटसही ठेवलं नाही.

ते साहजिकच होतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि कार, जीप किंवा व्हॅन होती फक्त ४.७ टक्के घरांत. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही महाराष्ट्रात कार असलेली घरं ८.७ टक्केच निघाली. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त घरांसाठी कार हे अजून स्वप्नच होतं. जी गोष्ट थोड्यांकडे असते तिचा मान मोठा असतो.

आता अकोला जिल्ह्यातलं तेल्हारा डोळ्यापुढे आणा. तालुक्याचं गाव, उत्तरेला सातपुडा, आजूबाजूला कपाशीची काळी जमीन. शाळा, बँक, तहसील, बाजार सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. अशा गावात एखाद्या मास्तरांनी किंवा बँकेतल्या साहेबांनी कार घेतली आणि तरीही रोज सायकलवरच कामाला निघाले, तर चौकात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काहो, गाडी इकली काय?"

कार असून सायकल चालवणं म्हणजे एकतर कंजूषपणा, नाहीतर गाडीचे हप्ते थकलेत, असाच अर्थ लावला जातो. खरा हिशोब काय सांगतो ते पाहू.

मुळात कार घ्यायचीच कशाला?

कारण तेल्हाऱ्याला ती लागते. शहरात रेल्वे स्टेशन नाही. अकोल्याला जाऊन यायचं तर शंभरेक किलोमीटर होतात. रात्री दोन वाजता घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं, तर १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स आहे, पण ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असू शकते. अशा वेळी दारातली कार हाच मोठा आधार असतो. लग्नकार्य, शेगावचं दर्शन, पोरांच्या परीक्षा ही कामं वेगळीच.

म्हणजे कार घेणारा चुकत नाही. प्रश्न वेगळा आहे. अकोल्यासाठी घेतलेली कार दोन किलोमीटरवरच्या बँकेत न्यायची का?

पैसा नेमका कुठे जातो?

बहुतेकांना वाटतं की कारचा खर्च म्हणजे पेट्रोल. एक साधं उदाहरण घेऊ.

समजा कार ६ लाखांची आहे. विमा कंपन्या ज्या कोष्टकानं गाडीची किंमत धरतात, त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत ५० टक्क्यांनी घटते. म्हणजे पाच वर्षांत ३ लाख रुपये गेले. महिन्याला ५,००० रुपये. गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, यातला मोठा भाग जाणारच. त्यात वर्षाचा विमा १२,००० आणि सर्व्हिसिंग ६,००० धरलं, तर महिन्याचा आकडा ६,५०० वर जातो. कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. किल्ली न फिरवताही दिवसाला २०० रुपयांच्या वर खर्च उभा आहे.

आता पेट्रोल. घर ते काम २ किलोमीटर, रोजचे जाऊन-येऊन ४, महिन्यातले कामाचे २५ दिवस. एकूण १०० किलोमीटर. गल्लीबोळात, थंड इंजिनवर कार लिटरला १२ किलोमीटर देते असं धरा आणि पेट्रोल १०५ रुपये. महिन्याचा खर्च साधारण ८७५ रुपये. हेच अंतर ५० चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलनं गेलात तर २१० रुपये.

म्हणजे सायकल चालवून पेट्रोलचे वाचतात ते फार तर ८७५ रुपये. उरलेले ६,५०० तसेच राहतात. "सायकल घेतली की कारचा खर्च वसूल" असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. कारचा मोठा पैसा ती दारात आली तेव्हाच ठरून गेलेला असतो.

मग सायकलचा फायदा काय?

पहिला फायदा दुसऱ्या गाडीचा. तेल्हाऱ्यात सायकलची खरी स्पर्धा कारशी नसतेच, ती मोटारसायकलशी असते. कार घेतलेल्या घरात गावातल्या फेऱ्यांसाठी म्हणून मोटारसायकलही येते. ती रस्त्यावर येईपर्यंत पाऊण लाखाच्या आसपास किंवा पुढे जाते, शिवाय तिचा विमा आणि पीयूसी वेगळी. साधी सायकल आठ-दहा हजारांत येते. तिला विमाही लागत नाही आणि पीयूसीही लागत नाही.

दुसरा फायदा कारच्या इंजिनाचा. इंजिन नीट तापायला काही किलोमीटर लागतात. दोन किलोमीटरवर गाडी बंद केली की ऑइलमध्ये धरलेला ओलावा उडून जात नाही, बॅटरीतून स्टार्टरला गेलेला करंट पूर्ण भरून निघत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल कारमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी लांब पळवावी लागते, नुसत्या गल्लीतल्या फेऱ्यांनी तो तुंबतो. म्हणजे रोजच्या ज्या फेऱ्या कारला सगळ्यात जड जातात, त्याच सायकलला सगळ्यात सोप्या.

तिसरा फायदा शरीराचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. २ किलोमीटरला साधारण १० मिनिटं धरली तर सहा दिवसांत १२० मिनिटं कामावर जाण्या-येण्यातच होतात. संध्याकाळी भाजीबाजाराच्या एक-दोन फेऱ्या झाल्या की हिशोब पूर्ण.

जगात कोणी असं करतं का?

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. पावणेदोन कोटींच्या वर लोक आणि सायकली सव्वादोन कोटींच्या पुढे. पण तिथे कारही भरपूर आहेत, ९० लाखांच्या आसपास. २०१० ते २०२४ पंतप्रधान असलेले मार्क रुट सायकलवर ऑफिसला जाताना अनेकदा दिसायचे आणि त्यांच्याकडे जुनी साब कारही होती. तिथे कोणी त्यांना "गाडी विकली का" असं विचारलं नाही.

मात्र हे आपोआप झालेलं नाही. १९७१ मध्ये तिथे रस्ते अपघातांत ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात शेकडो मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी कार बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर सायकलसाठी वेगळे रस्ते बांधले गेले. तेल्हाऱ्यात तसे रस्ते नाहीत. म्हणून सायकल गावात ठीक, पण ट्रक-ट्रॅक्टरच्या मोठ्या रस्त्यावर अंधारात नको. मागे लाल रिफ्लेक्टर आणि लाइट हवाच.

उन्हाचं काय?

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सकाळी सातला सायकल सुखाची, दुपारी एकला तीच धोक्याची. मुसळधार पाऊस, गॅसची टाकी, तापानं फणफणलेलं पोर, अशा वेळी सरळ कार काढावी. कार घेतलीच आहे ती यासाठी. बाभळीच्या काट्यांचा मात्र इलाज करून ठेवा : एक जादा ट्यूब आणि हातपंप घरात असू द्या.

उभ्या कारची काळजी

कार रोज निघत नसेल तर तिच्याकडे दुर्लक्ष चालत नाही.

आठ-दहा दिवसांतून एकदा हिवरखेड किंवा अकोटच्या रस्त्यानं एक लांब चक्कर मारा. नुसतं दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही.

टायरमधली हवा महिन्यातून दोनदा तपासा. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर तो चिकटतो.

बॉनेट उघडून बघत जा. उंदीर वायर कुरतडतात, आणि शेताजवळच्या घरात तर हमखास.

विमा आणि पीयूसी चुकवू नका. थर्ड पार्टी विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. उलट कमी चालणाऱ्या गाडीला एक सवलत मिळू शकते. विमा नियामकानं जुलै २०२२ मध्ये, जितकी गाडी चालते त्यानुसार हप्ता ठरवणारी जोड द्यायला कंपन्यांना परवानगी दिली. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हे विचारा. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूटही मिळते.

तुमच्या घरात हे बसेल का?

एक महिना कारमध्ये छोटी वही ठेवा. प्रत्येक फेरीचं अंतर लिहा. महिनाअखेर ३ किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या मोजा. त्यातल्या ज्या एकट्यानं, बिनओझ्याच्या आणि उन्हाबाहेरच्या वेळी झाल्या, त्या सायकलच्या. बाकीच्या कारच्या. निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलच्या निघाल्या तर नवी मोटारसायकल घेण्याआधी कोपऱ्यातली जुनी सायकल दुकानात नेऊन ब्रेक, चेन आणि टायर बदलून घ्या. आणि चौकात कोणी विचारलंच, "काहो, गाडी इकली काय?" तर सांगा, गाडी घरीच आहे, अकोल्याला जायचं असलं की निघते.